चमचाभर जाळ

मीलादने बंदुकीच्या दस्त्याने शाळेच्या प्रयोगशाळेचं दार फोडलं आणि अशूरला आत ढकललं. आत मब्रूका होती, शाळेतल्या मुलींची अब्ला, म्हणजे विज्ञानाची बाई. अशूर तिचा धाकटा भाऊ; त्याचा ओठ फाटला होता, तोंडाला स्पिरिटचा भपकारा येत होता.

"अब्ला, तुझ्या भावाला निळ्या कॅनमधला पेलाभर पाजलाय. मेला नाही! म्हणजे माल चांगला. आता दुसरा कसला ते तू सांग."

मागची त्याची टोळी खिदळली. कारखाना लुटताना त्यांना दोन कॅन मिळाले होते, निळा आणि पांढरा. दोन्हींवरची नावं पुसलेली.

मब्रूकाने अशूरचं तोंड हुंगलं. विषारी स्पिरिट लगेच मारत नाही. आधी झिंग आणतं, मग दुसऱ्या दिवशी डोळे नेतं, मग जीव. त्यावर तिच्या हाताशी उतारा एकच, पिण्याची दारू. पण कुठल्या कॅनमध्ये काय, ते वासावरून कळेना.

"मोजून सांगते," ती म्हणाली.

"काय मोजतेस, नशा?"

"जाळ."

निळ्यातलं चमचाभर तिने दिव्यात ओतलं, वर पाण्याचा डबा टांगला. फुटक्या खिडकीतून समुद्राचा वारा घुसला नि ज्योत आडवी झाली.

"बैलासारखे बघताय काय? वारा अडवा!"

मुलींना दटावायचाच तो आवाज. माणसं मारून आलेली ती माणसं मुकाट्याने खिडकीला पाठ लावून उभी राहिली. चमचा जळून संपला. पाणी पंधरा अंशांनी तापलं. तेवढंच नवं पाणी, पांढऱ्यातला चमचा: वीस अंश.

"निळं विष आहे, मीलाद; विषारी स्पिरिटची आच कमी. पिण्याचं ते पांढरं, विषावर उताराही तेच."

दस्ता तिच्या जबड्यावर बसला. "पांढरं पिऊन आम्ही मरावं, होय गं? तुझा भाऊ निळं पिऊनच जिवंत आहे ना!"

त्याने लाथेने पांढरा कॅन लवंडला, निळा तोंडाला लावला आणि टोळी घेऊन गेला. सांडता सांडता मब्रूकाने तळातलं तेवढं वाचवलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती अशूरला मांडीवर घेऊन पाण्यात मिसळलेला उतारा चमच्याने पाजत होती. दारात मीलाद, भिंत चाचपडत.

"अब्ला, दिवे का घालवलेस?"

ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

अशूर कण्हला. दचकलेल्या मीलादने आवाजाच्या रोखाने गोळ्या झाडल्या. वरच्या फळीवरची काच दोघांवर कोसळली. मब्रूकाने भावाचं तोंड दाबून धरलं. बंदूक रिकामी झाली तसा मीलाद गुडघ्यांवर आला.

"दे ना गं थोडं पांढरं. आईची शपथ."

भांड्यात दोनच घोट उरले होते. तिने ते अशूरच्या तोंडात सोडले.

"दिसतंय ना रे तुला?"

तो तिच्याकडे बघत राहिला.

"ताई, तुझा दात पडलाय."