कार्डावरची बारावी ओळ

ताईने मेणबत्तीसोबत द्यायचं पहिलं कार्ड लिहिलं तेव्हा त्यावर तीनच ओळी होत्या. सोयाबीनच्या मेणावर पांढरट साय धरते. मेण काचेपासून सुटलं की आतून ओल आल्यासारखे डाग दिसतात. एकदा जळून विझल्यावर वरचा भाग खडबडीत होतो. आणि खाली ठसठशीत अक्षरात: हा दोष नाही, मेण खरं असल्याची खूण आहे.

दोघी बहिणी पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत कारखाना चालवायच्या. कारखाना म्हणजे काय, तर दोन शेगड्या, मेण वितळवायचं पातेलं, एक थर्मामीटर आणि ताईचा हात. ताई मेणबत्त्या ओतायची, धाकटी विकायची. पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की धाकटीची बोबडी वळायची आणि ताईला बाहेर यावं लागायचं. ॲप्रनला हात पुसत ती यायची, "बुरशी आली हो याला" म्हणणाऱ्या बाईच्या हातातला ग्लास उजेडात धरायची आणि म्हणायची, "अहो, पोराच्या गालावर तीळ आहे म्हणून कुणी पोर परत करतं का?" बाई हसायची आणि जाताना आणखी दोन मेणबत्त्या घेऊन जायची. पंधरा वर्षांत हे वाक्य एकदाही वाया गेलं नाही. धाकटी मात्र दर वेळी मनात म्हणायची, पुरे झालं आता ते पोर.

चौथी ओळ धाकटीने लिहिली. त्या आठवड्यात ग्लासांमधल्या वाती काठाला टेकल्या होत्या. एरवी वात मध्यावर नसली तर ताई अख्खा ग्लास पुन्हा वितळवायची. या वेळी तिनेच ते ग्लास पुसून फळीवर मांडले. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "मग? छान दिसतायत की." धाकटीने कार्डावर लिहिलं, 'वात मध्यापासून किंचित सरकलेली असू शकते. हाताने केलेल्या वस्तूत हे नैसर्गिक आहे.' लिहून झाल्यावर तिला हायसं वाटलं. तिथेच चुकलं तिचं.

मग त्या ओळींना पाय फुटले. गुलाबाच्या चिठ्ठीखाली लिंबाचा वास आला, पाचवी ओळ. वासच आला नाही, सहावी. एका खेपेला ग्लास अर्धेच भरलेले निघाले, तेव्हा अर्धा तास पेन चावून तिने 'भरण्याच्या उंचीत फरक संभवतो' असं लिहिलं. सरकारी खात्यालासुद्धा जमलं नसतं असं वाक्य! पुढे कार्ड दुमडावं लागलं. मेणबत्ती टीचभर आणि कार्ड हातभर, नाकापेक्षा मोती जड. डॉक्टरकडे ती एकदा ताईबद्दल विचारायला जाऊन आली, पण एकटीच. डॉक्टर म्हणाले, "वयोमानाने विसरणं नैसर्गिक आहे. पण त्यांना तपासायला घेऊन या." पहिलं वाक्य तिने घरी आणलं, दुसरं तिथेच ठेवून आली.

ताईला शेगडीपासून उठवलं तर ती बसणार कुठे, हा एकच प्रश्न धाकटीला छळायचा. मेण ओतताना ती अजून ताई असायची. पातेलं तिरकं धरायची, धार बारीक करायची आणि ओरडायची, "छकुले, दार लाव गं, वारा लागतोय मेणाला!" साठीला टेकलेल्या बाईला छकुली म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. त्या हाकेसाठी धाकटीने शंभर ओळी लिहिल्या असत्या.

एका सकाळी मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला यायच्या, कधी तक्रार नाही. त्यांनी ग्लास काउंटरवर ठेवला.

"ही पेटवायची कुठून?"

धाकटीने वाकून पाहिलं. मेण काठोकाठ, वर देखणी पांढरी साय. वात नव्हतीच.

"हाताने केलेल्या वस्तूत..." तिने सुरुवात केली.

"वात नसणंही नैसर्गिक का?" मास्तरीणबाईंनी चष्मा लावून कार्ड उलगडलं. "चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी. या पहिल्या तीन ओळी लिहिणारीला मेण कळतं. पुढच्या आठ लिहिणारी घाबरलीय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "किती दिवस झाले त्यांना असं होतंय?"

"वर्ष होईल."

"बारावी ओळ लिहू नका बाई," त्या म्हणाल्या आणि दुसरा ग्लास न मागताच निघून गेल्या.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे धाकटीलाही ठाऊक होतं. पण कुणीतरी चष्मा लावून ते तिला वाचून दाखवेल, असं वाटलं नव्हतं. आधी तिला मास्तरीणबाईंचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग नुसतंच रडू आलं. तरी हात सवयीने पेनाकडे गेलाच.

तेवढ्यात मधला पडदा हलला आणि ताई बाहेर आली. अंगात ॲप्रन नव्हता. पायात चपला, खांद्याला पर्स. वळसा घालून ती काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बिनवातीचा ग्लास उचलून तिने उजेडात धरला, नेहमीसारखाच.

"अहो, हे पांढरं काय आलंय? खराब झालीय का ही?"

"ताई, असं काय करतेस? मी आहे ना. छकुली."

"हो का," ताई अदबीने म्हणाली. "पण हे पांढरं?"

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखीची एक खूणही त्या चेहऱ्यावर नव्हती. शेवटी तोंडात शब्द आले ते ताईचेच.

"हा दोष नाही. मेण खरं असलं की अशी साय धरते." आणि लगेच पुढे, "अहो, पोराच्या गालावर तीळ आहे म्हणून कुणी पोर परत करतं का?"

ताई हसली. पंधरा वर्षं बायका हसत आल्या तशीच, अगदी मनापासून.

"छान बोलता हो तुम्ही! कुणी शिकवलं?"

"माझ्या मोठ्या बहिणीने."

"कुठे असतात त्या?"

"आत असते. मेण ओतते."

"मग थांबते मी." ताईने खुर्ची ओढली. "राग मानू नका, पण तुम्ही नव्या दिसता. त्यांनाच विचारते."

पर्स मांडीवर घेऊन ती पडद्याकडे तोंड करून बसली. आतून मेण करपल्याचा वास येऊ लागला होता. धाकटी आत गेली, पातेलं उतरवलं, दोन्ही शेगड्या बंद केल्या.

ती बाहेर यायला निघाली तसा पडदा हलला, आणि ताई लगबगीने उठून उभी राहिली. मग धाकटीला बघून पुन्हा खाली बसली.