रिकाम्या तलावातला ड्रमर

ठोक्याला हे नाव शाळेतच पडलं. बाक असो, डबा असो, पुढे बसलेल्याची पाठ असो, त्याची बोटं काही गप्प बसत नसत. त्यामुळे तीन मित्रांनी मिळून ‘उलटा पंखा’ नावाचा रॉक बँड काढला, तेव्हा ड्रमवर कोण बसणार हा प्रश्नच आला नाही.

बँडची गाणी बऱ्यापैकी चालली, पण ‘परत फोन कर’ने कहर केला. त्याचा व्हिडिओ टीव्हीवर उठता-बसता लागायचा. दुरुस्तीसाठी रिकामा केलेला पोहण्याचा तलाव, तळाच्या निळ्या फरशांवर उभा राहून वाजवणारा बँड, आणि मागे ड्रमवर एक उंचापुरा, कुरळ्या केसांचा देखणा तरुण, मान झटकत काठ्या फिरवणारा.

तो तरुण ठोक्या नव्हता.

शूटिंगच्या दिवशी सकाळीच ठोक्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या बऱ्याच आधी. तो सगळं टाकून दवाखान्यात धावला. तलावात दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचं होतं, म्हणजे शूटिंग पुढे ढकलणं शक्य नव्हतं. गायकाचा मावसभाऊ सामान उतरवून द्यायला आला होता. दिग्दर्शकाने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “तू बस रे. नुसते हात हलव.” गाणं तर आधीच रेकॉर्ड झालेलं होतं. ऐकू येत होता ठोक्या, दिसत होता मावसभाऊ.

इकडे ठोक्याला मुलगी झाली होती. त्या आनंदात त्याला सुरुवातीला या गोष्टीचं काही वाटलंही नाही. वाटायला लागलं ते नंतर. मावसभावाला लोक ‘हिरो’ म्हणू लागले. पोस्टरवर हिरो, मासिकांत हिरो. कार्यक्रमात ठोक्या ड्रमवर येऊन बसला की पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, “अरे, तो कुठाय?” ठोक्या मान खाली घालून वाजवत राही. पुढे गायक परदेशात गेला, बँड मोडला, ठोक्याने ड्रम विकून टाकला आणि एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागला.

लेक शाळेत जायला लागल्यावर तिने मोठ्या तोऱ्यात मैत्रिणींना सांगितलं, “ते गाणं माझा बाबा वाजवतो.” मैत्रिणी तिच्या वाढदिवसाला घरी आल्या, टीव्हीवर व्हिडिओ लागला, आणि एकीने हॉलमध्ये उभ्या असलेल्या ठोक्याकडे बोट दाखवून विचारलं, “मग हे कोण?” सगळ्या फिदीफिदी हसल्या. लेक रडकुंडीला आली. ठोक्याने टीव्ही बंद केला, आणि त्या घरात ते गाणं पुन्हा लागलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस म्युझिक कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी संकलक होती. ‘उलटा पंखा’च्या गाजलेल्या सगळ्या गाण्यांचे व्हिडिओ एकत्र करून कंपनी डिस्क काढणार होती.

“काका, व्हिडिओ चालू असताना मागून तुमच्या गप्पा ऐकू येतील असा एक भाग करायचाय,” ती म्हणाली. “गायक काकांनी त्यांचं बोलणं तिकडून रेकॉर्ड करून पाठवलंय. गिटारवाले काका तर आता नाहीत. तुम्ही आलात तर फार बरं होईल.”

“मी कुठे दिसतोय त्यात?” ठोक्या म्हणाला आणि फोन ठेवला.

लेक आता नोकरी करत होती, स्वतःचा संसार होता तिचा. तिला हे कळलं तशी ती तडक घरी आली.

“बाबा, तू जायचंस.”

“कशाला? लोकांना सांगायला, की बघा हो, तो मी नव्हेच?”

“हो! तेच सांगायला. मला नववीपर्यंत सगळ्या खोटारडी म्हणायच्या, माहितीये तुला?” ती म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “आणि माझ्यामुळेच झालं ना ते. थोडी थांबले असते तर काय बिघडलं असतं?”

हे ओझं ही पोरगी उगाचच वाहत आली होती, याचा ठोक्याला पत्ताच नव्हता. “वेडी आहेस का?” एवढंच तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्याने संकलकाला आपणहून फोन लावला.

स्टुडिओ एका ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. खोलीत एक मोठा पडदा, दोन माइक, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर आधीच कुणीतरी बसलं होतं. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण खांदे ओळखीचे. हिरो होता तो. ठोक्याला बघून तो इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे कलंडली.

“मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल मी…” संकलक गडबडली.

“नाही सांगितलंस,” ठोक्या म्हणाला. निघून जावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण हिरोचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा झाला होता. ठोक्या बसला.

पहिल्या काही गाण्यांना ठोक्याच बोलला. कुठलं गाणं कुणाच्या गॅरेजमध्ये बसवलं, गिटारवाल्याचे बूट कसे उसने होते, असलं काहीबाही. हिरो मूग गिळून बसला होता. मग पडद्यावर निळ्या फरशा आल्या. ड्रमवरचा तो तरुण मान झटकू लागला.

हिरोने माइक जवळ ओढला. “इथे जो दिसतोय ना, तो मी,” तो म्हणाला. “आणि जो ऐकू येतोय, तो हा, माझ्या शेजारी बसलाय. मला त्या दिवशी काठी कशी धरतात हेसुद्धा माहीत नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी हा व्हिडिओ बघून मुलगी दिली. मी बायकोला लग्नाआधीच खरं सांगितलं, पण ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस. ते गेले बिचारे माझं कौतुक करत करत.”

काचेपलीकडे संकलक हसू दाबत होती. ठोक्याला हसू आलं नाही. पण तो ऐकत होता.

गाणं संपलं. चहासाठी थांबले, तेव्हा ठोक्याने विचारलं, “आणि लोकांनी वाजवायला सांगितलं की काय करायचास?”

“तीच तर गंमत झाली,” हिरो म्हणाला. “माझं फर्निचरचं दुकान आहे. तिथे लोक येतात, लग्नात भेटतात, ऑफिसच्या पार्टीत भेटतात. हिरो, वाजव की! मनगट दुखतंय, पाठ दुखतेय, किती दिवस सांगणार? शेवटी शिकलो. शिक्षक बिक्षक नाही. तुझं ऐकून ऐकून. एवढं एकच गाणं येतं मला. दुसरं काही म्हणजे काही येत नाही.”

“दाखव.”

“छे! तुझ्यासमोर?”

“दाखव म्हणतो ना.”

शेजारच्या खोलीत माइकसकट ड्रम मांडलेलाच होता. हिरो घाम पुसत बसला. संकलकाने गाणं लावलं. सुरुवात त्याने चाचपडत केली, पण मग हात मोकळे झाले. ठोक्या दाराला टेकून उभा होता. आपलंच वाजवणं दुसऱ्याच्या हातातून येताना तो पहिल्यांदा ऐकत होता. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी हिरोची काठी ड्रमच्या कडेवर आपटली, टक् असा आवाज झाला, आणि पुढचा ठोका किंचित उशिरा पडला.

ठोक्या ओरडला, “थांब! थांब! तो टक् कशाला काढलास?”

“का? तिथे आहेच तो. तूच वाजवलायस.”

“अरे, चूक आहे ती माझी! रेकॉर्डिंगच्या वेळी काठी निसटली होती. गायक म्हणाला, राहू दे, कुणाला कळणार आहे? वर्षानुवर्षं मला त्या टक्‌ची लाज वाटते!”

हिरोचं तोंड उघडंच राहिलं. “चूक? मला ती बसवायला सहा महिने लागले!”

ठोक्या हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला उभं राहवेना, तो तिथेच जमिनीवर बसला. हिरोही हसत सुटला. हसता हसता ठोक्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. त्याच्या बायकोने, मित्रांनी, गाण्यावर नाचलेल्या सगळ्या लोकांनी मिळून त्याचं वाजवणं जेवढं ऐकलं नसेल, तेवढं या एका माणसाने कान देऊन ऐकलं होतं. पार निसटलेल्या काठीसकट.

“एकदा तरी यायचंस भेटायला,” तो डोळे पुसत म्हणाला.

“कुठल्या तोंडाने येणार होतो? तुझं तोंड तर मीच घेऊन बसलो होतो.”

संकलकाने माइक बंद केलेच नव्हते. डिस्क आली, तेव्हा त्या गाण्याच्या मागे सासरेबुवांचा किस्सा होता आणि पुढे जादाचा भाग म्हणून हा सगळा गोंधळ, ओरडण्या-हसण्यासह. बाकी गाण्यांपेक्षा लोकांनी त्याचीच चर्चा जास्त केली. लेकीने स्वतःच्या घरी शाळेतल्या दोन मैत्रिणींना बोलावलं आणि डिस्क लावली. ठोक्या कानकोंडा होऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. हॉलमधून त्याला हिरोचा आवाज ऐकू आला, “जो ऐकू येतोय, तो हा.” मग एक मैत्रीण उठून आत आली. म्हणाली, “काका, आम्ही फार त्रास दिला हो हिला.” ठोक्याने तिच्या हातात सरबताचा ग्लास दिला.

डिस्कचा खप काही फार झाला नाही. पण त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सकाळी ठोक्या फर्निचरच्या दुकानाच्या गोदामात जाऊ लागला. हिरोने तिथे गाद्यांच्या ढिगांमध्ये जुना ड्रम मांडला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्याला दुसरं गाणं शिकायचं होतं. बँडचंच एक संथ गाणं ठोक्याने निवडलं. हिरो जिवाचा आटापिटा करायचा, पण चार ओळींतच त्याचे हात ‘परत फोन कर’कडे वळायचे.

“सरक जरा,” शेवटी ठोक्या म्हणाला. “नुसतं सांगून व्हायचं नाही हे.”

कितीतरी वर्षांनी तो ड्रमवर बसला. पहिले ठोके अडखळले. हिरो एका गुंडाळलेल्या गादीवर बसून, पुढे झुकून, त्याच्या हातांकडे बघत होता.

“हळू वाजव,” तो म्हणाला. “मला नीट बघू दे.”