तांबे चिपवर टेकेना

मित्रांनो, संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरचे प्रत्येक चित्र रंगवणारे मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. तुम्ही मला क्वचितच पाहता, आणि पाहता तेव्हा मी धुळीने माखलेले असते.

कारखान्यात माझ्या पाटीवर मधोमध एक मोठी चिप बसवली गेली, तिच्याभोवती मेमरीच्या छोट्या चिप. काम करताना आम्ही सगळेच तापतो, म्हणून वर पंखे लावले. मग मी ताईच्या घरी आले. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

ताईच्या मुलीला, छकुलीला, ऐकू येत नाही. तिच्या शाळेतल्या मुलांसाठी ताई हातांच्या खुणांनी बोलणाऱ्या चित्रगोष्टी बनवते. ते हात मी रंगवते. एक बोट चुकले तरी शब्द बदलतो, म्हणून मी फार जपून रंगवी. "आपलं कार्ड म्हणजे सोनं आहे," असे ताई आल्यागेल्याला सांगे. पुढे माझ्या पंख्यांत धूळ साचली, एक पंखा अडखळू लागला. पण झाकण उघडून कुणी पाहिले नाही.

एका दुपारी पडद्यावरच्या हाताला सहावे बोट फुटले. छकुली दचकली आणि स्वतःची बोटे मोजू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत नवी गोष्ट दाखवायची होती आणि तिचा शेवट अजून रंगवायचा होता. ताईने भावाला बोलावले. तो तांब्याचा एक पोकळ ठोकळा घेऊन आला. त्याच्यातून पाणी खेळवायचे आणि माझी उष्णता वाहून न्यायची, असा बेत होता. मोठ्या चिपवर तांबे टेकायला हवे, मध्ये फक्त उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा पातळ थर. मेमरीच्या चिप ठेंगण्या, त्यांच्यावरची फट मऊ पॅडने भरायची.

भावाने सर्वांत जाड पॅड उचलले.

"अरे, मापाचं काय?" ताईने विचारले.

"जाड असलं की गच्च बसतं. तू काळजी करू नकोस."

त्याने स्क्रू आवळले. माझी पाटी करकरली, वाकली. मग माझ्यात वीज आली. वर थंड पाणी वाहत होते, पण त्याचा गारवा माझ्या मोठ्या चिपपर्यंत पोचतच नव्हता. मी होरपळत होते आणि मला ओरडता येत नव्हते. पडदा काळा झाला.

"गेलं का रे?" ताईने हात पुढे केला.

"थांब. हात लावू नकोस, भाजेल."

मी निवल्यावर भावाने ठोकळा उचलला. चिपवरचा लेप लावला तसाच होता, जराही पसरला नव्हता. जाड पॅडांनी तांबे वरच अडवून धरले होते. त्याचा चेहरा उतरला. त्याने घाईने सर्वांत पातळ पॅड काढले.

"आता अंदाज नको," ताई म्हणाली. "पातळ पडलं तर फट राहून या छोट्या चिप करपतील. आधी फट मोजू."

तिने छकुलीच्या खेळण्यातल्या मातीच्या बारीक गोळ्या केल्या, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मेमरीच्या चिपवर ठेवल्या. मोठ्या चिपवर टेकेपर्यंत ठोकळा अलगद दाबला आणि उचलला. चपट्या झालेल्या मातीचे माप भावाने कॅलिपरने घेतले. ते दोन्ही पॅडांच्या मधले निघाले.

"हे बघ, याच्याहून किंचित जाड, पण मऊ आहे," भाऊ एक करडी पट्टी बोटांनी दाबत म्हणाला. "दबेल आणि नेमकं बसेल. पण एवढी एकच आहे. कापताना चुकलो तर संपलं."

तो श्वास रोखून कापत होता.

"पट्टीच्या दोन्ही बाजूंची प्लॅस्टिकची संरक्षक फिल्म काढलीस ना?" ताईने विचारले.

"काढली गं!" म्हणता म्हणता त्याने एक तुकडा उलटून पाहिला आणि खालची फिल्म गुपचूप सोलली.

या वेळी त्याने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. वीज आली. पडद्यावर माझे तापमान चढू लागले. ताईने भावाचे मनगट घट्ट पकडले. आकडा आणखी चढला, रेंगाळला, आणि तिथेच थांबला. मी कामाला लागले.

मित्रांनो, यंत्राला दुखले तर ते सांगू शकत नाही, ते फक्त तापते. तेव्हा वेळीच झाकण उघडून पाहा, आणि मोजल्याशिवाय आवळू नका.

दुसऱ्या दिवशी गोष्ट दाखवून शाळेतून परतल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, एवढी गोष्ट झाली आणि टाळ्याच नाहीत, म्हणून मला वाटलं, कुणाला आवडलीच नाही."

ताई हसली. तिने दोन्ही हात वर करून हवेत भराभर हलवले. "वेड्या, मुलं असे हात हलवत होती ना? त्या टाळ्याच होत्या. अख्ख्या वर्गाने वाजवल्या."