अडकलेली हवा

स्वयंपाकघरात ओट्यावरचा चमचा घसरून टण्णकन पडला आणि मागच्या शेडमधली तिघंही जागच्या जागी थिजली. सहा महिन्यांचं बाळ तासाभराच्या रडारडीनंतर आत्ता कुठे झोपलं होतं. पाच वर्षांच्या ठकीने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या आजोबांच्या हातातला पाना हवेतच राहिला. आतून हूं नाही की चूं नाही.

“वाचलो,” आजोबा पुटपुटले. “चल सूनबाई, दाब.”

तिने गाडीच्या हँडलवरची ब्रेकची लिव्हर तीनदा दाबली, चौथ्यांदा दाबून धरली. “धरलंय, बाबा.” सासऱ्यांनी पुढच्या चाकाशी वाकून ब्रेकमधली हवा काढायचं छोटं निपल जरासं सैल केलं. पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल खालच्या रिकाम्या बाटलीत उतरलं. “आवळलं. सोड.” नळीत एकही बुडबुडा नव्हता. लिव्हर मात्र पुन्हा कापसात बोटं रुतावीत तशी थेट मुठीला टेकली.

“आजोबा, डबीतलं ऑइल कमी झालं,” ठकी म्हणाली. हँडलजवळच्या ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवायचं काम तिचं होतं, आणि ते ती एखाद्या फौजदाराच्या थाटात करत होती.

सकाळपासून हेच चाललं होतं. ही चार गुबगुबीत चाकांची एटीव्ही दवाखान्याची. बाळंतपणाच्या रजेआधी ठकीची आई हिच्यावरूनच डोंगरावरच्या घरांत लशी पोचवायची. तिकडे सगळे तिला नुसतं ‘सिस्टर’ म्हणत. उद्या सकाळी आठला रजेनंतरची पहिली फेरी होती. नाही गेली तर फेरी दुसरीला द्यावी लागेल, तुम्ही इथे टेबलाशी आरामात बसा, असं दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी फोनवर अगदी साखर पेरून सांगितलं होतं. उभ्या उतारावर पुढचे ब्रेक नसलेली गाडी घालणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. नवरा जहाजावर, तो तीन महिन्यांनी येणार. म्हणून पोरं सांभाळायचं सासऱ्यांनी कबूल केलं होतं, आणि गाडी सहा महिने उभी होती म्हणून ब्रेक उघडून नवे रबर सीलही त्यांनीच गेल्या आठवड्यात घातले होते.

“बाबा, कुणाला तरी दाखवूया का?” तिने भीत भीत विचारलं.

“कुणाला? चाळीस वर्षं डेपोत बसचे ब्रेक केलेत मी. आता काय आचाऱ्याला शेजारणीकडून आमटी मागवायची?”

तिने पुन्हा सगळं तपासलं. पाइप कुठे फुगत नव्हता, कुठे थेंबभर गळत नव्हतं. पॅड नवे होते. ऑइलची शेवटची बाटली अर्ध्यावर आली होती.

तेवढ्यात आत बाळाने टाहो फोडलाच. तिने साबणाने हात खसाखसा धुतले, त्याला दूध पाजलं आणि खांद्यावर उभं धरून पाठ थोपटत पुन्हा शेडमध्ये आली. बाळाने मोठ्या माणसासारखी ढेकर दिली.

“अगं बाई, केवढी ढेकर!” ठकी खिदळली. “आडवा असताना का नाही देत गं तो?”

“हवा वर जाते ना, सोन्या. उभं धरलं की तिला वाट...”

तिचा थोपटणारा हात थांबला. ती बाळासकट चाकाशी उकिडवी बसली. चाकाची चकती पकडणाऱ्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पाइप वरून शिरत होता. हवा काढायचं निपल होतं तळाशी. दुसरं चाक पाहिलं, तिथेही तसंच. खालून ऑइल स्वच्छ निघत होतं, आणि हवा वर निवांत ठाण मांडून बसली होती.

सासऱ्यांनी दोन्ही कॅलिपर एकाच फडक्यावर उघडले होते ते तिला आठवलं. कसं सांगावं?

“बाबा, ही निपलं वरच्या अंगाला असतात का हो?”

“वरच. म्हणजे काय, हवा खालून...” ते वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“डावं उजव्याला घातलंय मी,” ते शेवटी म्हणाले. “आणि वर तोंड करून डेपोच्या गप्पा मारतोय.”

“बसतात दोन्हीकडे, तर कुणीही...”

“कुणीही नाही. मी.” त्यांनी पाना तिच्यापुढे धरला. “तू बसव. मी बघतो, आणि तूही माझ्यावर विसंबू नकोस. बाळ दे इकडे.”

तिने दोन्ही कॅलिपर उतरवून अदलाबदल केली, बोल्ट घट्ट आवळले, रंगावर सांडलेलं ऑइल ओल्या फडक्याने टिपलं. मग बाळ एका कडेवर घेऊन सासऱ्यांनी दुसऱ्या हाताने लिव्हर दाबली. “धरलंय, उस्ताद!” ते ओरडले. तिने निपल सैल करताच नळीतून भसाभस फेस आला. मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसतं ऑइल. दुसऱ्या चाकाचंही तसंच. शेवटच्या बाटलीच्या तळाशी बोटभर ऑइल उरलं.

तिने लिव्हर दाबली. दोन बोटांवर ती दगडासारखी अडली. एक मिनिटभर दाबून धरली, तरी खचली नाही.

गाडी तिने मागच्या उतरत्या गल्लीत नेली. एकदा हळू, मग जरा वेगात. दोन्ही वेळा गाडी मुकाट्याने जागेवर उभी राहिली. परत येताना तिला हसू आवरत नव्हतं. उद्याचा डोंगर आत्ताच समोर दिसू लागला होता.

दारात उभ्या केलेल्या गाडीचं एकेक निपल सासरे बोटाने चाचपून स्वतःशी मोठ्याने म्हणत होते, “हे डावं. हे उजवं.” बाळ त्यांच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होतं.

ठकी आईजवळ आली, पदर ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात कुजबुजली, “आई, उद्या तू गेल्यावर आजोबा मला सांभाळणार, की मी आजोबांना?”