पाटात सोडलेला केना

बियाण्यासाठी पिकवलेल्या प्लॉटात तण दिसता कामा नये. ताईंच्या प्लॉटात ते दिसलंही नाही. तपासनीस येण्याआधीच त्यांनी केना हे तण मुळासकट उपटलं, लाल सुतळीने पेंढ्या बांधल्या आणि पाटाच्या पाण्यात सोडून दिल्या. सगळेच सोडत. नजरेआड झालं की संपलं!

महिन्याभराने धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, माझा प्लॉट नापास झाला गं. केन्याने नाकात दम आणलाय. चार दिवसांनी फेरतपासणी आहे. तेव्हाही दिसला, तर यंदाचं सगळं बियाणं बाद!"

"आळशासारखा बसलास, दुसरं काय होणार?" ताईंनी सुनावलं आणि त्या मदतीला निघाल्या.

वाटेत पाटकरी काका भेटले. पाणी सोडायचं, बंद करायचं, पाटाची दारं साफ ठेवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम.

"ताई, तुमची ठेव घेऊन जा!" दाराच्या जाळीत अडकलेली एक पेंढी त्यांनी पुढे केली. लाल सुतळी तशीच होती. देठ हिरवेगार, पेरापेराला पांढरी मुळं आणि वर एक निळं फूल.

"उपटलेला होता हो, काका. मेलेलाच."

"केना असा मरतो होय? फूल सकाळी उमलून दुपारी मिटतं, पण देठाचं एक पेर ओलीला लागलं की गडी पुन्हा उभा! तुम्ही तण काढलं नाहीत, ताई. त्याचा फक्त पत्ता बदललात."

बाकीच्या पेंढ्या पाटाने पुढे कुठे नेल्या, हे ताईंना विचारावं लागलं नाही. भावाच्याच शेतात!

त्यांनी ती पेंढी भावासमोर ठेवली. "आळशी तू नाहीस. हा केना माझा आहे."

भाऊ सुतळीकडे बघत राहिला. "भावाला पाठवायला दुसरं काही मिळालं नाही का तुला?" म्हणाला आणि त्याने ताईंच्या हाती खुरपं दिलं.

तीन दिवस दोघांनी पाठ सरळ केली नाही. चौथ्या सकाळी प्लॉट स्वच्छ झाला. भावाने भारा उचलला आणि सवयीने पाटाकडे वळला. ताईंनी त्याचं मनगट धरलं.

"अगं, खाली आपलं कुणी नाही."

"आपलं नसलं, तरी कुणाचं तरी शेत आहेच. थांब!"

भारा खडकावर पसरला गेला. तपासनीस प्लॉट पास करून गेला, तेव्हाही ताई उन्हात केना उलटापालटा करत होत्या. कडकडीत वाळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

वाचकहो, आपल्या दारातून ढकललेली पीडा नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी दारात रुजते. तिथे आपला माणूस राहत असो वा परका, ती आपल्याच हातांनी संपवायला हवी!