मागच्या गाडीचा ड्रायव्हर

मी संशयी माणूस आहे. माझी बायको हे तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. एकतीस वर्षं मी आमच्या अतार गावाहून परदेशी पाहुण्यांना गाड्यांतून वाळवंटात नेतोय आणि आजवर माझा एकही पाहुणा हरवला नाही की लुटला गेला नाही. हे काही नशिबाने होत नाही. विहिरीपाशी एखादा उंटवाला उगाच रेंगाळताना दिसला की मी मुक्काम बदलतो. कोणी एकच रस्ता दोनदा विचारला, तर तिसऱ्यांदा मी त्याला खोटा सांगतो.

त्यामुळे निघायच्या सकाळी मालकाने नवा ड्रायव्हर समोर आणून उभा केला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मागच्या गाडीचा नेहमीचा ड्रायव्हर हात मोडून घरी बसला होता. त्याच्या जागी हा यहदीह. तिशीतला, उंच, तिजिकजाकडचा. खरं तर तो दुसऱ्या ताफ्याबरोबर तेरजितला जायचा होता, पण मालकाने त्याला ऐन वेळी माझ्याकडे ढकललं.

"हा स्वैलम, आपला सगळ्यात जुना वाटाड्या," मालक त्याला म्हणाला. "याच्या शब्दाबाहेर जायचं नाही."

माझं नाव ऐकलं आणि त्या माणसाचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्याच क्षणी त्याने डोक्याच्या हौलीचं, म्हणजे फेट्याचं, टोक नाकावर ओढून घेतलं आणि टायर तपासायला खाली वाकला. सलाम केला तोही टायरलाच.

तेवढ्यात माझी मुलगी, मक्फूला, माझ्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेऊन आली. ती बाजारामागे वेगळं घर करून राहते आणि बायकांच्या अंगभर गुंडाळायच्या मलाहफ रंगवते. तिचा पहिला नवरा ड्रायव्हर होता. ते लग्न दोन वर्षांत मोडलं, आणि तेव्हा मी चारचौघांत शपथ घेतली होती की पुन्हा काही झालं तरी ड्रायव्हरला मुलगी देणार नाही.

"बाबा, दुपारची गोळी विसरायची नाही," ती म्हणाली.

"मी कधी काय विसरतो?"

"तुम्ही विसरता ते तुम्हाला आठवत कसं असेल?" असं म्हणून ती गेली. यहदीह तोवर गाडीच्या पलीकडेच होता. एका टायरला इतका वेळ लागतो होय?

पाच पाहुणे, दोन गाड्या. पुढच्या गाडीत मी, माझा ड्रायव्हर आणि दोन पाहुणे. मागच्या गाडीत यहदीह, आचारी मेसूद, बाकीचे तिघे आणि सगळं सामान. पहिल्या दुपारी बाभळीखाली चटई अंथरली. मेसूदने भात आणि मेंढीच्या मटणाचं ताट मधे ठेवलं, सगळे भोवती बसले, पण यहदीहचा पत्ता नाही. तो गाडीच्या सावलीत, आमच्याकडे पाठ करून बसला होता.

"याला काय उपास आहे?" मी मेसूदला विचारलं.

"पोट बरं नाही म्हणतो."

"पोट बरं नसलेला माणूस खजुराची अख्खी पिशवी खातो? बिया दिसतात मला इथून."

"तुला बियासुद्धा दिसतात," मेसूद म्हणाला. "स्वैलम, तू मेल्यावर कबरीतूनसुद्धा मोजत बसशील, खांदा द्यायला कोण आलं न् कोण नाही."

पाहुण्यांत ओदील नावाची एक म्हातारी फ्रेंच मास्तरीण होती. तिला आमच्या रीतीभातींची भारी हौस. ती वही काढून विचारू लागली, की एकाच ताटात न जेवण्यामागे काही प्रथा आहे का. मी म्हटलं, प्रथा बिथा काही नाही बाई, माणूस तऱ्हेवाईक आहे. तिने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मऊ वाळूत माझीच गाडी रुतली, चांगली आसापर्यंत. यहदीह मागून आला, काही न बोलता टायरमधली हवा सोडली, हातांनी वाळू उपसली, चाकांखाली पत्रे सरकवले आणि स्वतः स्टिअरिंग धरून गाडी एका दमात वर काढली. इतकं सफाईदार काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. राग बाजूला ठेवून मी माझ्या हाताने चहाचा पहिला पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. वाळूवर ठेवला आणि मान खाली घालून चालता झाला.

म्हाताऱ्याच्या हातचा चहा वाळूवर! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पाहुणे बघत होते. मेसूदसुद्धा गप्प झाला, आणि मेसूद गप्प झाला म्हणजे गोष्ट साधी नसते.

त्या संध्याकाळी, सूर्य नुकता टेकला असताना, यहदीह फोन घेऊन उंच टेकाडावर चढला. तिथे थोडी रेंज येते. मी दुसऱ्या बाजूने वर गेलो. कोणाचं चोरून ऐकणं वाईट, हे मला माहीत आहे. पण पाच जीव माझ्या भरवशावर आले होते.

"हो, म्हातारा पुढच्या गाडीतच असतो," तो हळू आवाजात बोलत होता. "नाही, त्याला अजून काही कळलेलं नाही... घेतली, घेतली. दुपारी घेतली, मी लांबून पाहिलं... उद्या चौकीच्या पुढे गेलो की मग दोनच दिवस. कसेतरी काढतो."

माझा हात आपसूक खांद्यावरच्या पिशवीवर गेला. दुपारी मी सीटखालून पासपोर्टांची पिशवी काढून खांद्याला अडकवली होती. 'घेतली' म्हणजे तीच! हा माणूस कोणाला तरी खबर देत होता, मी कुठल्या गाडीत बसतो, पासपोर्ट कोणाजवळ असतात. आणि चौकीच्या पुढे गेल्यावर काय होणार होतं? चौकीपुढे दोनशे किलोमीटर माणूस नाही.

सकाळी मेसूदने आगीत तेल ओतलं. "तो मला विचारत होता," भांडी बांधता बांधता तो म्हणाला, "की आज स्वैलम कोणत्या वाटेने नेणार, दुपारी कुठे उतरणार, आणि कोणत्या झाडाखाली बसणार."

"झाडसुद्धा विचारलं?"

"झाडसुद्धा."

माझा निश्चय झाला. वाटेतल्या पोलीस चौकीवर मी नेहमीसारखा पाहुण्यांच्या नावांचा कागद द्यायला उतरलो आणि तिथल्या अल्यून नावाच्या हवालदाराला बाजूला घेतलं. अल्यूनला मी तो नवा भरती झाला तेव्हापासून ओळखतो. सगळं सांगितलं. त्याने तक्रारीचं पुस्तक काढलं, लिहिलं, माझा अंगठा घेतला आणि मग विचारलं, "विचार केलास ना, काका? एवढं खरं निघालं तर हा आत जाईल. नुसता संशय राहिला तरी याचा परवाना आज जातो. पुन्हा कोणी याच्या हाती गाडी देणार नाही."

"विचार केला," मी म्हणालो.

यहदीहला आत आणलं. खोली लहान, एक टेबल, एक बाक. मी बाकावर बसलेला दिसताच तो दारातच थबकला. शिपायाने ढकललं तेव्हा आत आला.

"तोंडावरचं कापड काढ," अल्यून म्हणाला.

"साहेब, बाहेर चला. तुम्ही म्हणाल ते काढतो, म्हणाल ते सांगतो. इथे नको."

"इथेच."

त्याने कापड खाली ओढलं आणि त्याच क्षणी वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात चेहऱ्यावर.

"काल फोनवर कोणाशी बोलत होतास?"

तो भिंतीला आणखीच चिकटला.

"एक नाव सांग. नाव सांगितलंस तर आत्ता सोडतो."

"आत टाका, साहेब," तो भिंतीला म्हणाला. त्याची मान, कान, सगळं लाल झालं होतं. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

पण अल्यून पेन खाली ठेवून त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या मिश्या हलू लागल्या. तो हसू दाबत होता.

"स्वैलमकाका," तो म्हणाला, "अलेगला माझा एक म्हातारा आहे. अकरा वर्षांत त्याने माझं तोंड पाहिलेलं नाही. एकदा बाजारात अचानक समोरून आला. मी खाटकाच्या दुकानात शिरलो आणि टांगलेल्या मेंढीच्या मागे पाऊण तास उभा राहिलो. अंगात सरकारी गणवेश!"

"कोण म्हातारा?" मी चिडून विचारलं.

"माझा सासरा. दुसरं कोण?" मग त्याने हळूच विचारलं, "तुला मुली किती?"

"एक."

"नांदतेय?"

"मोडलं लग्न. आता एकटीच..." मी म्हणालो आणि माझा शब्द तोंडातच राहिला.

आमच्यात जावई सासऱ्यासमोर जेवत नाही. चहा पीत नाही, तोंड उघडं टाकत नाही, त्याच्याशी बोलत नाही, सासऱ्याच्या कानावर बायकोचं नाव पडू देत नाही. पोरसुद्धा हे जाणतं. मी स्वतः सासऱ्यापासून एकोणीस वर्षं असाच पळालो, एकदा तर खजुराच्या पोत्यांत लपलो. आणि जावयाचं हे सगळं वागणं तीन दिवस डोळ्यांपुढे चाललेलं असताना मला त्यात दरोडेखोर दिसला. कारण मला जावई आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. मुलीने घरच्या घरी, काझी आणि दोन साक्षीदार बोलावून गुपचूप निकाह केला असणार. अशी लग्नं आमच्या गावांत होतात. माझा थोरला मुलगा नुआदिबूच्या बंदरावर असतो, बहिणीतर्फे 'कबूल' त्याने म्हटलं असणार. आणि बायकोला माहीत असणारच. जगातल्या प्रत्येक उंटवाल्यावर नजर ठेवणाऱ्या माझ्या घरात लग्न झालं आणि मला पत्ता नाही! सगळ्यांनी मिळून माझ्या शपथेला मान दिला आणि मला वेड्यात काढलं. आणि हा बिचारा! माझं नाव ऐकूनही मालकाला नाही म्हणू शकला नाही, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्या टेकाडावरून तो मक्फूलाला सांगत होता की तुझ्या बापाने दुपारची गोळी घेतली. वाट आणि झाड विचारलं तेही माझ्यापासून लांब बसता यावं म्हणून.

मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं, सगळं एकदमच. त्या पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण ते करणं म्हणजे त्याला लाजेने मारून टाकणंच होतं.

"अल्यून, ते पान फाड," मी म्हणालो.

"पानांवर नंबर असतात, काका. फाडता येत नाही." त्याने आवाज आणखी खाली आणला. "दोन वाटा आहेत. त्या फोनचा तू इथे खुलासा द्यायचा. हा कोण, फोनवर कोण होतं, का लपत होता. तो मी लिहून घेतो आणि दोघेही मोकळे. नाहीतर तू लिहून द्यायचं की तक्रार खोटी होती. मग याला काही होत नाही. पण तुझा वाटाड्याचा परवाना मला इथे ठेवून घ्यावा लागेल. या वयात परत मिळेल, असं मी सांगू शकत नाही."

'हा माझा जावई', एवढं एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. पण ते वाक्य बोलायचं त्याच्यादेखत, दोन शिपायांदेखत आणि सरकारी पुस्तकात. तो भिंतीला टेकून उभा होता. माझ्या मुलीची लाज राखायला, आणि माझीही, हा माणूस तुरुंगात जायला तयार होता. तीन दिवसांत एक खोटं कारणसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. पोट बरं नाही, एवढंच.

मी खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत त्याचे कोपरे गोल झाले होते.

"लिही," मी म्हणालो. "तक्रार खोटी आहे. म्हाताऱ्याला हल्ली माणसं नीट दिसत नाहीत."

अल्यूनने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मी अंगठा दिला. मग मी जरा मोठ्याने बोललो, भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पुढे पाहुण्यांना हाच घेऊन जाईल. पुढची गाडी याने चालवायची, वाट याला माहीत आहे. मी मिठाच्या ट्रकने अतारला परत जातो. आणि मेसूदला निरोप दे, हा माणूस तीन दिवस धड जेवलेला नाही, याला आधी जेवायला वाढ."

उत्तराची मी वाट पाहिली नाही. ते यायचंही नव्हतं. मी काठी उचलली आणि घाईने बाहेर पडलो, कारण मी आत असेपर्यंत त्याला तोंडावरचे हात काढता येणार नव्हते.