केसांची राखण

माझी नात मिहिका नऊ वर्षांची. दोन महिने ती माझ्याजवळ झोपत होती, माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरून. मोबाइलवर तिनं सॅस्क्वाच पाहिला होता. माणसाच्या दीडपट उंच, अंगभर काळे केस, रानात तंबू टाकणाऱ्यांच्या मागावर येणारा. माझा व्हिजिट व्हिसा पंधरा दिवसांत संपत होता. मी गेल्यावर पोर एकटी कशी झोपणार, हा घोर दुबईच्या करामा भागातल्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांनाच लागला होता.

उपाय माझ्या मुलानं काढला. शहराबाहेर हत्ताच्या डोंगरात एक रात्र तंबू टाकायचा. काही येत नाही हे तिनं स्वतः पाहिलं की खलास.

"तो अमेरिकेत असतो गं," निनाद तिला म्हणाला. "त्याला इथला व्हिसा कोण देणार?"

"आजोबांना दिला ना. ही कॅन ऑल्सो कम ऑन व्हिजिट."

सूनबाई हसली. मग ताटं घेता घेता मला हळूच म्हणाली, "बाबा, तिथे गावाकडच्या गोष्टी नकोत हं. आधीच घाबरलीये ती."

"नाही सांगत, अर्चना," मी म्हणालो.

पण झोपताना मिहिकानं विचारलं, "तो आलाच तर?"

"मी आहे ना राखणीला," मी म्हणालो.

बोलून गेलो, आणि मग झोप येईना. आजऱ्याकडे माझी उमर भुईमुगाची राखण करण्यात गेली. रिकाम्या हातानं मी कधी राखणीला गेलो नाही. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आम्ही न्हाव्याकडचे केस आणून बांधावर टाकायचो. माणसाचा वास आला की डुक्कर बिचकतं.

सकाळी बिल्डिंगखालच्या यहयाच्या सलूनमध्ये गेलो आणि जमिनीवरचे केस मागितले.

"विग बनाओगे, चाचा?"

"खेत के लिए चाहिए."

"करामा में खेत?" यहया हसला, पण पिशवी भरून दिली. "यल्ला, ले जाओ."

हत्ताला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. निनाद कोळसे पेटवत होता, मायलेकी तंबू उभा करत होत्या. मी फिरून येतो म्हणून निघालो आणि तंबूभोवती लांबून एक फेरी मारली. काटेरी झुडपांत थोडे थोडे केस अडकवले, काही दगडांखाली दाबले. पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

त्या रात्री मिहिका तिची तिची स्लीपिंग बॅगमध्ये शिरून झोपली. माझी बाही मागितली नाही. पहाटे चहा पिताना अर्चना मला म्हणाली, "बाबा, सुटलो बहुतेक." मी मान हलवली.

उजाडल्यावर मिहिका रंगीत खडे वेचायला झुडपांकडे गेली. परत आली ती चालतच, पण चेहरा पांढरा पडला होता. मुठीत काळ्या केसांचा पुंजका.

"ही वॉज हिअर."

"बकरीचे असतील गं," निनाद म्हणाला.

"सगळीकडे आहेत. ऑल अराउंड. ही वॉक्ड अराउंड अस, बाबा."

निनाद बघायला गेला. या झुडपापासून त्या झुडपापर्यंत गेला आणि परतला तो गाडीची किल्ली शोधतच. अर्चना उठून सामान गाडीत टाकू लागली. मिहिका एकेका झुडपाकडे वळून बघत होती. मी गप्प बसलो असतो तर ही भीती तिला जन्मभर पुरली असती.

"ते मी टाकलेत," मी म्हणालो. "यहयाच्या दुकानातले आहेत. आम्ही डुकरांसाठी टाकायचो तसे."

अर्चनानं हातातली चटई खाली ठेवली. "बाबा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

निनादला हसू फुटलं. "दुबईत न्हाव्याचे केस. धन्य आहे तुमची."

मिहिका हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुम्हालापण वाटलं, तो येणार."

"कोल्ह्यासाठी टाकले गं."

"कोल्हा तुम्ही कधीच म्हणाला नव्हता."

केस टाकताना माझ्या मनात कोल्हा नव्हता, हे मला माहीत होतं. काय होतं ते मात्र सांगता येईना.

घरी आल्यापासून बाही पुन्हा तिच्या मुठीत गेली. माझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "पिशवीत उरलेत का केस?"

"नाही. आणू?"

"अनोळखी माणसांचे नको. तुमचे द्या."

विमानाच्या दिवशी सकाळी यहयाकडे डोकं बारीक करून घेतलं. माझे मूठभर पांढरे केस त्यानं कागदात बांधून दिले. मिहिकानं ते तिच्या खिडकीच्या कडेला पसरले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये फट राहू न देता. मी पोचवायला ये म्हटलं, तर विमानतळावर यायला तयार झाली नाही. राखण सोडून कशी येऊ, म्हणाली.

आता मी गावाकडून रोज फोन करतो. झोपते का, विचारतो.

"झोपते, एकटी झोपते," अर्चना म्हणते. "पण ती खिडकी काही उघडू देत नाही, बाबा. केस उडतील म्हणते."